बेभान माणसाची टोपी

ब्रिओलांजाला मठात धाडायचं ठरलं, हे आधी मुदपाकखान्याला कळलं, मग तबेल्याला, मग राणीसाहेबांच्या पदरच्या मुलींना आणि सगळ्यांत शेवटी ब्रिओलांजाला. राजवाड्याची ही रीतच आहे. जिच्याबद्दल बोलायचं ती सोडून बाकी सगळ्यांशी आधी बोलून घ्यायचं.

ठरवणारा तिचा थोरला भाऊ, दोम ब्रास. आईबापाविना वाढलेल्या बहिणीचं आपण भलं करतोय, अशी त्याची मनापासून समजूत होती, आणि अशा माणसाशी भांडता येत नाही हीच खरी पंचाईत. मठ त्यांच्या आत्याच्या हाताखालचा. जागा उत्तम, अंगणात संत्र्याची झाडं, हवा कोरडी. फक्त तिथे बोलायचं नसे. जेवताना नाही, शिवताना नाही, बागेत फिरताना तर नाहीच. मीठ हवं असेल तर दोन बोटं एकमेकांवर चोळून दाखवायची आणि जे मिळेल ते खायचं.

दुसरी एखादी तिथे सुखाने राहिली असती. ब्रिओलांजा झोपेतही बोलायची. खोटं वाटत असेल तर तिच्या शेजारी झोपणाऱ्या व्हिओलांतेला विचारा. ती शपथेवर सांगेल. खरं तर न विचारताच सांगेल.

राणीसाहेबांच्या पदरी लग्न न झालेल्या ज्या खानदानी मुली होत्या, त्यांच्यात आता ब्रिओलांजा सगळ्यांत मोठी. तिच्याबरोबर आलेल्या केव्हाच लग्नं होऊन उशांवर बसायला लागल्या होत्या. म्हणजे असं की बैठकीत राणीसाहेब चौथऱ्यावर बसतात, लग्न झालेल्या मानकरणींना बसायला रेशमी उशी मिळते आणि कुमारिकांनी खाली गालिच्यावर बसायचं. ब्रिओलांजाने तो गालिचा इतकी वर्षं झिजवला होता की त्यातला एक मोर तिच्या जागेपुरता बिनडोक्याचा झाला होता. दिसायला ती चारचौघींसारखी. हुंड्याचं म्हणाल, तर पदरच्या मुलींना राणीसाहेबच देतात, तो प्रश्न नव्हता. पण एकदा तिने तोंड उघडलं की समोरचा तरुण माना डोलवत डोलवत हळूच पुढच्या मुलीकडे सरकायचा.

"दादा, मला एक संधी तरी दे," ती भावाला म्हणाली होती.

"संधी किती झाल्या, ब्रिओलांजे? मी मोजणं सोडलं," दोम ब्रास म्हणाला. तो काही दुष्टपणे बोलला नाही. "ठीक आहे. कार्निव्हलचा शेवटचा रविवार. त्या बैठकीत तुझ्यासमोर कुणी बेभान झाला तर मी स्वतः त्याच्या घरी जाईन. नाही झाला, तर तीन दिवसांनी, उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी सकाळी, खेचरं दारात उभी असतील."

आता हे बेभान होणं म्हणजे काय, ते सांगायला हवं; आमच्याकडे निम्मी लग्नं त्यावरच ठरतात. महाराज दालनात आले की प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावरची टोपी खाली येते. सरदार असो, सेनापती असो, कुणाला सूट नाही. सूट एकालाच. जो राणीसाहेबांच्या परवानगीने एखाद्या मुलीसमोर उभा आहे आणि तिच्यात इतका बुडालाय की खुद्द महाराज आलेले त्याला कळलेच नाहीत, त्याची टोपी डोक्यावर राहिली तरी माफ. बेभान माणसाला काय बोलायचं? त्यामुळे टोपी राहिली की अख्ख्या दरबाराने समजायचं, याने मागणी घातली. टोपी उतरली की समजायचं, गडी शुद्धीवर आहे, नुसता वेळ घालवायला उभा होता.

खरे बेभान किती, हा प्रश्न कुणी विचारत नसे. बहुतेक जण डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराकडे बघत उभे असायचे आणि महाराजांची चाहूल लागली की टोपी जरा घट्ट दाबून घ्यायचे. यात दोम ऐरेस हा तर पट्टीचा. मोत्यांची किनार असलेली त्याची टोपी त्या हिवाळ्यात व्हिओलांतेसमोर उभी होती. महाराज शिकारीवर होते, कार्निव्हलच्या रविवारीच परतणार होते, म्हणून परीक्षेची वेळ आली नव्हती, एवढंच.

आणि ब्रिओलांजासमोर उभा होता दोम लोपो. डोंगरापलीकडच्या मुलखातला विधुर, महाराजांसाठी शिकारी कुत्री घेऊन आलेला. त्याच्या लोकरी डगल्याला कायम धुराचा वास. उभा राहायचा तो खांबासारखा. पण त्या हिवाळ्यात दर बैठकीला तो तिच्याचसमोर आला, आणि ती बोलत असताना एकदाही पुढे सरकला नाही. पहिल्या दिवशी तो दमलाय म्हणून हलत नसेल असं ब्रिओलांजाला वाटलं. पुढे पुढे बैठकीचा दिवस उजाडला की तिला भूक लागेनाशी झाली.

त्या रविवारी दुपारी व्हिओलांते तिची वेणी घालत होती.

"हलू नकोस गं. डोकं आहे की वाऱ्यावरचं निशाण?"

"त्याला टोपीचं माहीत असेल ना?"

"तुझ्या धनगराला? थोरल्या बाईंनी स्वतः समजावलंय त्याला. मी ऐकलं. महाराज आले की टोपी काढायची नाही, काढली तर अर्थ असा, नाही काढली तर अर्थ तसा. त्याने मान हलवली. बैलसुद्धा मान हलवतो म्हणा."

"व्हिओलांते!"

"बरं, बैल नको. देखणा बैल." तिने फीत जोरात आवळली. "आणि आज जरा कमी बोल. निदान महाराज येईपर्यंत दम धर. एकदा टोपीचं काम झालं की मग जन्मभर बोलत बस त्याच्यापुढे. पळून जायला त्याच्या मुलखात रस्तेच नाहीत म्हणे."

ब्रिओलांजा हसली नाही. तेव्हा व्हिओलांतेने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

बाहेर कार्निव्हलचा धुमाकूळ चालला होता. रस्त्यावर पोरंटोरं पिठाच्या पुड्या फेकत होती, ढोल बडवत होती. आत वादकांनीही चढाओढीने सूर लावलेला. दालन खच्चून भरलं होतं. चौथऱ्याच्या पायरीशी थोरल्या बाई, म्हणजे दोना मेसिया, हातात छडी घेऊन बसल्या होत्या. राणीसाहेबांच्या मुलींची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. समोरच्या खांबाशी दोम ब्रास हाताची घडी घालून उभा. ब्रिओलांजाला तो दिसत होता, आणि न बघायचं ठरवलं तरी दिसतच होता.

दोम लोपो आला, डगला सावरून तिच्यासमोर उभा राहिला. टोपी डोक्यावर.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि गप्प बसली. व्हिओलांतेने शेजारून कौतुकाने मान हलवली.

तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, "आज बरं नाही का तुम्हाला, बाईसाहेब?"

"का?"

"बोलत नाही आहात म्हणून. आठवडाभर मी त्या कुत्र्यांशीच बोलतोय. रविवारची वाट बघत होतो."

झालं! व्हिओलांतेचा सल्ला गेला वाऱ्यावर. ब्रिओलांजा सुरू झाली ती थेट चेस्टनटवर आली, कारण त्याच्या मुलखात चेस्टनटची रानं आहेत आणि तिच्या आईचं माहेरही तिकडचंच. आई विस्तवावर चेस्टनट भाजायची तेव्हा फुटू नये म्हणून प्रत्येक फळाच्या टणक सालीला सुरीने चीर द्यायची, आणि एक मुद्दाम तसाच सोडायची. तो कधी फुटेल नेम नाही. फाडकन उडाला की जो जास्त दचकेल त्याने राख काढायची.

"आणि दर वेळी आईच दचकायची," ब्रिओलांजा खाली हातांकडे बघत म्हणाली. "मला तेव्हा वाटायचं, किती भित्री ही. तिला राख काढायची होती हो, आम्हाला काढू द्यायची नव्हती. हे मला इथे आल्यावर कळलं. पण ती तेव्हा गेलेली होती."

तिने मान वर केली. दोम लोपोची टोपी त्याच्या हातात होती. आणि त्याच्या खांद्यामागे, उघडलेल्या दारातून, महाराज येत होते.

 दालनभर टोप्या उतरत होत्या. त्या गर्दीत तिच्यासमोरचीही एक उतरलेली. मुलींसमोर उभ्या असलेल्या तरुणांच्या टोप्या मात्र रांगेने जागच्या जागी. दोम ऐरेसने तर आपली चांगली कपाळापर्यंत ओढून घेतली होती. मधोमध दोम लोपोचं उघडं, विरळ केसांचं डोकं असं दिसत होतं की झाकून ठेवावं. कुणीतरी फिसकन हसलं. मग पंख्यांआड ते हसू पसरत गेलं. "शुद्धीवर आला बिचारा," कुणीतरी म्हणालं. खांबाजवळ दोम ब्रासने घडी सोडली, थोरल्या बाईंकडे बघून मान हलवली. म्हणजे बुधवार.

"मग?" दोम लोपो म्हणाला. "पुढे?"

ब्रिओलांजाच्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या बाबतीत हे घडत होतं. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहू लागलं.

तेवढ्यात शेजारची जागा रिकामी झाली. व्हिओलांते उठली होती.

महाराज आले असताना राणीसाहेब उठल्याशिवाय गालिच्यावरची मुलगी उठत नाही. आगीचा लोळ आला तरी उठत नाही. थोरल्या बाईंची छडी हवेत तशीच राहिली. व्हिओलांते झगा दोन्ही हातांनी उचलून भराभर चालत गेली ती सरळ महाराजांसमोर जाऊन गुडघ्यावर बसली आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागली. महाराजांनी आधी भुवया चढवल्या. मग ते जरा वाकले. मग त्यांनी दोम लोपोच्या पाठीकडे पाहिलं.

हो, पाठीकडे! कारण त्या अख्ख्या दालनात महाराजांकडे पाठ करून उभा असलेला माणूस तो एकटाच होता, आणि सगळ्यांचं लक्ष टोपीकडे असल्यामुळे ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

महाराजांनी ओठावर बोट ठेवलं. वादक थांबले. महाराज पावलांचा आवाज न करता चालत गेले आणि दोम लोपोच्या मागे उभे राहून साध्या आवाजात म्हणाले, "काय हो, महाराज आले का?"

"नाही अजून," दोम लोपो मागे न बघता म्हणाला. "आले की एक चिमटा काढा मला, मेहरबानी होईल. मला टोपी घालून उभं राहायचंय. आणि जरा थांबा हो, बाईसाहेब रडताहेत, दिसत नाही का तुम्हाला?"

"मग आत्ता का काढलीत टोपी?"

"यांच्या आईंचं नाव निघालं ना. त्या देवाघरी गेल्यात," दोम लोपो म्हणाला. आवाजात थोडा राग आला होता. "गेलेल्या माणसाचं नाव निघाल्यावर तुमच्याकडे टोपी काढत नाहीत?"

आणि मग, एवढं बोलून झाल्यावर, त्याने मागे वळून पाहिलं.

बिचारा असा गडबडला की त्याने हातातली टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट बसवली. खुद्द महाराजांच्या तोंडासमोर! अख्खं दालन एकदम हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने महाराज हसले. राणीसाहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "काढू नका," महाराज त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "एवढ्या वर्षांत असा एकच पाहिला मी. माझे शिकारी बिळाकडे बघत नाहीत इतके बाकीचे दाराकडे बघत असतात."

दोम ब्रास खांबापासून पुढे आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्याने दोम लोपोला मिठी मारली. बहिणीसमोर तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "रडू नकोस गं. मलाही मठ नको होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं." ब्रिओलांजाला त्या क्षणी त्याचासुद्धा राग आला नाही. तिच्या अंगात रागाला जागाच उरली नव्हती. देवाचे, महाराजांचे, राणीसाहेबांचे, कुत्र्यांचे, सगळ्यांचे उपकार मानावेत असं तिला वाटत होतं.

मग तिने शेजारी पाहिलं, व्हिओलांतेचा हात धरायला. आणि तिला दिसलं.

व्हिओलांतेची जागा अजून रिकामी होती. त्या रिकाम्या गालिच्यासमोर दोम ऐरेस उभा होता, उघड्या डोक्याने, लालबुंद. समोर मुलगीच नाही म्हटल्यावर बेभान कुणासाठी व्हायचं? रिकाम्या गालिच्यापुढे टोपी घालून उभं राहणं म्हणजे महाराजांचा सरळ अपमान. व्हिओलांते उठली त्या क्षणी त्याला टोपी काढावी लागली होती, आणि काढली म्हणजे मागणी मोडली. दरबाराने हसता हसता तेही टिपून घेतलं होतं. पाठ वळवून तो निघून गेला.

हे सगळं व्हिओलांतेला उठताना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? दरबाराचे नियम तिच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

थोरल्या बाईंनी तिला ईस्टरपर्यंत बैठकीला यायची बंदी केली. ब्रिओलांजाला ती सापडली कपड्यांच्या खोलीत, खिडकीशी, राणीसाहेबांच्या झग्यांच्या सुट्या बाह्यांना इस्त्री करताना. ते काम तिचं नव्हतं. हातांना काहीतरी हवं होतं म्हणून करत होती.

"आली नवरी," ती वर न बघता म्हणाली. "नाक पूस आधी. बाह्यांवर गळेल."

"तुझी टोपी गेली ना माझ्यापायी?"

"टोपीच गेली. खाली माणूस होता कुठे?"

"थट्टा नको गं. मी विचारतेय. का केलंस?"

व्हिओलांतेने इस्त्री निखाऱ्यांवर ठेवली. मग ती बाहीची चुणी बोटांनी सारखी करू लागली.

"मी इथे आले तेव्हा केवढीशी होते, आठवतंय तुला?" ती म्हणाली. "सारखी रडायचे. कुणी विचारायचं, आई हवी का, आणि मी आणखी रडायचे. कारण मला आई आठवतच नव्हती. चेहरा नाही, आवाज नाही, काहीच नाही. रडायचं तरी कुणासाठी? आणि तू माझ्या शेजारी झोपायचीस आणि बोलायचीस. आई अशी करायची, आई तशी म्हणायची. चेस्टनट, राख, सगळं. मला वाटतं तुला वाटायचं मी झोपलेय."

"मला वाटायचं तू कंटाळतेस."

"कंटाळायचे की. पण ऐकायचे." ती थोडी हसली. "चोरली मी ती, ब्रिओलांजे. तुझी आई. मृतांच्या दिवशी पाद्री सांगतात ना, आपापल्या आईचं नाव मनात घ्या. मी सान्शा म्हणते. दर वर्षी. माझ्या आईचं नाव काही सान्शा नव्हतं. आणि आज त्या बैलाने... त्या माणसाने तिच्यासाठी टोपी काढली. मी शेजारीच बसले होते, मी बघितलं. तिच्यासाठी आजवर कुणी टोपी काढली होती का? आणि हे सगळे हसायला लागले, की महाराजांसाठी काढली! मला सहन झालं नाही. तुझ्यासाठी उठले असं समजू नकोस. मी माझ्या आईसाठी उठले."

 इतकी वर्षं ब्रिओलांजाने मनाशी धरून ठेवलं होतं की या परक्या घरात आपली आई फक्त आपल्याच बोलण्यात उरलीय, आणि आपण गप्प झालो की ती पुरती गेली. म्हणून तर ती बोलत होती. म्हणून तर त्या मठाची तिला एवढी भीती होती. आणि इथे, तिच्या कुशीशेजारी, टोमण्यांच्या आड, तिची आई दुसऱ्या एका मुलीला वाढवत होती.

"व्हिओलांते," ती म्हणाली, "देवाने मला नवरा दिला त्याचे मी आभार मानीन. पण तुझे कसे मानू, मला कळत नाही."

"नको मानूस. तू गेल्यावर मला झोप कशी लागेल तेवढं सांग."

ब्रिओलांजाने बाह्यांचा ढीग बाजूला सारला आणि तिच्याजवळ बाकावर बसली. उपासाच्या दिवसांत लग्नं लागत नाहीत, त्यामुळे लग्नाला अजून वेळ होता. ईस्टरशिवाय ती राजवाडा सोडणार नव्हती.

"आई गेली त्या दिवसाचं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "तुलाही नाही. ते तेवढं राहिलंय. तुला सांगू?"

 व्हिओलांतेने डोक्यावरची रेशमी जाळी दोन्ही हातांनी सोडवली, मांडीवर ठेवली, आणि उघड्या डोक्याने ऐकायला बसली.